कोरा मासा

पेटीत सदतीस मासे होते. छत्तीस रंगीत, एक कोरा. अकरा पानांवर तांबूस ठिपके, चार पानांच्या कडा कुरतडलेल्या, दोन पानांच्या कोपऱ्यावर कुणीतरी कधीकाळी ठेवलेल्या पेल्याचा गोल डाग. शिवाय एक वाळलेला कोळी, आठांपैकी पाच पाय शाबूत असलेला.

हे सगळं तिने नंतर मोजलं. जिन्यात होती तेव्हा तिला मोजता आलं ते एवढंच – पेटी एक, माणसं दोन. त्यातला दुसरा कोण, याची तिला काडीचीही कल्पना नव्हती.

हातगाडीवाला पेटी फाटकाशी टाकून निघून गेला होता. ती एकटीच पेटीशी झटापट करत असताना रस्त्यावरून आत आलेल्या एका तरुणाने न विचारता दुसरी बाजू धरली, आणि जिन्याच्या वळणावर दोघंही पेटीसकट अडकली.

“तुमची बाजू वर घ्या,” ती म्हणाली.

“माझी वरच आहे. तुम्ही खाली घ्या.”

“खाली घेतली तर मासे घसरतील.”

“घसरू देत. मासेच ते.”

तिने पेटीवरून डोकावून पाहिलं. पलीकडे फक्त दोन भुवया आणि कपाळावर आलेले केस दिसत होते. भुवया हसत होत्या. भुवयांना हसता येतं हे तिच्या शास्त्र शिकलेल्या डोक्याला मान्य नव्हतं, पण दिसत होतं ते दिसत होतं.

खालच्या मजल्यावर तिची मावशी राहायची. घर मावशीचं, वरची खोली भाचीच्या कामाची. आवाज ऐकून मावशीने दार उघडलं, पेटी पाहिली, पेटीमागचा तरुण पाहिला आणि शांतपणे विचारलं, “काय गं, सामान आलंय की जावई?”

“सामान.”

“मग सामानाला म्हणावं, चपला काढून वर जा.”

ती कागद दुरुस्त करायची. रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर बरोबरीच्या मुली औषधांच्या कारखान्यात गेल्या, ही जुन्या कागदांत शिरली. फाटलेले नकाशे, बुरशी लागलेली पुस्तकं, डागाळलेली चित्रं तिच्याकडे यायची आणि बरी होऊन जायची. ओळखीचे लोक तिला ‘कागदाची डॉक्टर’ म्हणायचे. तिच्या आईच्या मते त्यातलं ‘कागदाची’ तेवढं खरं होतं.

पेटी टेबलावर आली. तरुण जायचं नाव घेईना. उलट त्याने खिशातून पांढरेशुभ्र हातमोजे काढले आणि मोठ्या ऐटीत बोटांवर चढवू लागला.

“हे कशाला?”

“जुनी चित्रं हाताळताना घालतात ना?”

“सिनेमात घालतात. मोज्यातून कागदाची कड कळत नाही, ती फाटते. हात धुऊन या. साबणाने.”

तो मुकाट्याने मोरीशी गेला, हात धुतले, पुसले आणि शाळेतल्या मुलासारखे दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले. तळवे स्वच्छ होते. उजव्या तर्जनीच्या नखाखाली मात्र एक बारीक हिरवी रेघ होती, साबणाला न जुमानणारी. तिने ती पाहिली आणि मनात टिपून ठेवली.

मग तिने एकेक पान उलगडलं. ही चित्रं फार जुन्या काळची. आधी मासा तांब्याच्या पत्र्यावर उलटा कोरायचा, पत्र्यात शाई भरून तो कागदावर दाबायचा, आणि मग छापून निघालेल्या प्रत्येक पानावर हाताने रंग भरायचा. खवला न खवला. एका पत्र्यावरून शंभर पानं छापली तर शंभर वेळा तोच मासा रंगवायचा. निळ्या पाठीचा, पिवळ्या परांचा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला, फुगून चेंडू झालेला – छत्तीस मासे टेबलावरून तोंडं उघडी टाकून छताकडे बघत होते.

सदतिसावं पान त्याने स्वतःच उचललं. एक हडकुळा, लांबट मासा. कोरलेल्या रेघा नीटस आणि नाजूक, पण आत रंगाचा एक ठिपका नाही. भुकेल्या माणसाने ताटाकडे बघावं तसा तो बघत राहिला.

“मी याच्यासाठी आलोय,” शेवटी तो म्हणाला. “हा रंगवायला.”

आता तिला त्या हिरव्या रेघेचा उलगडा झाला.

पेटी पाठवणाऱ्या दुकानदारांचा तो मुलगा होता. जुन्या चित्रांचं त्यांचं दुकान गावात नावाजलेलं. पुढच्या दालनात चित्रं विकली जायची, मागच्या खोलीत ती ‘पुरी’ केली जायची – उडालेला रंग भरायचा, नसलेला रंग घालायचा, आणि सगळं असं बेमालूम की जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते कुणालाही कळू नये. मागच्या खोलीत बसणारा हात या मुलाचा. वडील त्याला कौतुकाने ‘आमचा रंगारी’ म्हणत, पण गिऱ्हाइकांसमोर नाही.

ही पेटी एक नवं हॉटेल विकत घेणार होतं. दुकानदारांनी फोनवर तिला बजावलं होतं की पानं शुक्रवारपर्यंत साफ करून द्या, आणि कोरा मासा तेवढा आमच्या माणसाकडे सोपवा, तो रंग भरेल. भिंतीवर छत्तीस रंगीत आणि एक पांढरा म्हणजे हसताना पडका दात दिसतो तसं दिसेल, असं त्यांचं म्हणणं. तिने तेव्हा ‘बघू’ म्हटलं होतं. तिचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे दुकानदारांना ठाऊक नव्हतं.

“हा मासा रंगणार नाही,” ती आता म्हणाली.

“का?”

“ज्याने बाकीचे रंगवले त्याने हा रंगवला नाही, म्हणून.”

“विसरला असेल.”

“मग विसरलेला राहू दे. त्याचा विसर दुरुस्त करायला त्याने आपल्याला बोलावलेलं नाही.”

“मी रंगवला तर कुणाला कळणारही नाही.”

“मला कळेल.”

“नाही कळणार.” तो हे बढाई मारत म्हणाला नाही. थोडं उदासच म्हणाला. “या छत्तिसांत एका ठिकाणी माझा हात आहे. सोळा वर्षांचा होतो तेव्हाचा. आजवर कुणाला दिसला नाही.”

“आणि मी शोधला तर?”

“तर... मी कुंचला खाली ठेवीन.”

“नाही शोधला तर?”

“तर तुम्ही माझ्या शेजारी बसून हा रंगताना बघायचा. सबंध. मान न फिरवता.”

ही शिक्षा होती की आमंत्रण, हे तिला नीट ठरवता आलं नाही. “चालेल,” ती म्हणाली आणि ताबडतोब स्वतःवर चिडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला तेव्हा तिने खिडक्यांवर काळे पडदे ओढले होते. मावशीने जिन्यातूनच विचारलं की भरदिवसा पडदे कशाला. ती म्हणाली, विज्ञानासाठी. आमच्या वेळीही विज्ञानच म्हणायचे, असं पुटपुटत मावशी खाली गेली, पण दार उघडं ठेवून गेली.

काळोखात तिने जांभळट उजेडाचा दिवा लावला. या उजेडात रंग आपलं वय लपवू शकत नाहीत. तिने एकोणिसावं पान पुढे ओढलं. काळपट निळा मासा, मोठा गोल डोळा. त्या डोळ्यात मोहरीएवढा पांढरा थेंब होता, आणि दिव्याखाली तो एकटाच पिवळट हिरवा चमकला.

“जस्ताचा पांढरा,” ती म्हणाली. “ही चित्रं रंगवली तेव्हा तो कुणाकडे नव्हता. डोळा तुमचा.”

काळोखात तिला फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता.

“इथे कसरीने भोक पाडलं होतं,” तो हळूच म्हणाला. “मी मागून कागद लावला आणि... पण दिव्याने काय, कुणालाही सापडेल.”

“दिवा आत्ता लावला. सापडला होता कालच.”

“कसा?”

तिने पडदा सरकवला. उजेड दोघांच्या मध्ये येऊन पडला. “बाकीचे पस्तीस मासे कुठेच बघत नाहीत. ते मेल्यावर काढलेत. हा एकटा बघतो.”

तो हरला होता, आणि हरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर इतका आनंद तिने आजवर पाहिला नव्हता. त्याने खिशातला कुंचला काढून तिच्या पेन्सिलींच्या डब्यात उभा करून ठेवला.

“पण हे मी अहवालात लिहिणार,” ती घाईघाईने म्हणाली, कारण त्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघणं बरं नव्हतं. “एकोणिसाव्या माशाचा डोळा नवीन.”

“लिहा. बाबा चिडतील.”

“चिडू देत.”

“मग माझं नावही लिहा,” तो म्हणाला. “कुठेतरी येऊ दे एकदा.”

तिने लिहिलं. ठसठशीत अक्षरात.

त्यानंतर तो रोज दुपारी येऊ लागला. कारण विचारलं तर म्हणायचा, हरलेल्या माणसाला दुसरं काय काम असतं. ती तांबूस ठिपक्यांवर काम करायची, तो समोरच्या स्टुलावर बसून टीपकागद कापून द्यायचा. एकदा तिने त्याला डिंकाची खळ पातळ करायला दिली तर त्याने ती मधासारखी दाट करून ठेवली. तुमचा हात जड आहे, ती म्हणाली. डिंकाच्या बाबतीत आहे खरा, त्याने कबूल केलं. मागच्या खोलीतही त्याला त्यावरून बोलणी बसायची. बोलता बोलता ती ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आली आणि तिच्या लक्षातही आलं नाही. त्याच्या आलं. त्याने त्या दिवशी दोन टीपकागद वाकडे कापले.

मावशी चहा आणून द्यायची आणि जाताना पेटीकडे बघून विचारायची, “काय म्हणतात मासे? आज कुणी बोललं का?”

“मासे बोलत नसतात, मावशी.”

“तेच तर बघतेय मी चार दिवस.”

मध्येच दुकानदारांचा फोन आला. रंगाऱ्याने कुंचला खाली ठेवल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. ते आवाज न चढवता म्हणाले की मुलाचं डोकं फिरलं असेल तर गावात दुसरे हात आहेत. गुरुवारी ते स्वतः येतील, कोरा मासा घेऊन जातील, रात्रीतून रंगवून घेतील. तीही आवाज न चढवता म्हणाली, या. पण मासा दुकानदारांचा होता. त्यांनी मागितला तर नाही म्हणायला तिच्या हातात कायद्याचं एक अक्षर नव्हतं.

निदान तो स्वच्छ तरी असावा, तिला वाटलं. द्यावाच लागला तर असा लख्ख करून द्यावा की रंगवणाऱ्याचा हात थरथरेल. रंगीत पानं पाण्यात बुडवता येत नाहीत, रंग सुटतात. कोरं पान मात्र सरळ बुडवता येतं. कागदात मुरलेला पिवळेपणा पाण्यात उतरतो. गुरुवारी सकाळी तिने पसरट तबक शुद्ध पाण्याने भरलं आणि शेजारी जाळी तयार ठेवली.

तेवढ्यात तो आला. नेहमीपेक्षा लवकर, केसही न विंचरता.

“बाबा निघालेत,” तो म्हणाला. “तासाभरात येतील.”

“येऊ देत. मी त्याला अंघोळ घालतेय.”

“मी धरू?”

तिने पान त्याच्या हातात दिलं. त्याने ते दोन्ही तळव्यांवर घेतलं आणि खिडकीकडे वळून किंचित तिरपं केलं. रंगाऱ्याची सवय. रंगाचा हात वाळला की नाही हे कागद तिरपा करूनच कळतं. ओल असेल तिथे उजेड सरकतो.

“तू याला आधीच पाणी लावलंस?” त्याने विचारलं.

“नाही. अजून नाही.”

“मग याचं पोट ओलं का दिसतंय?”

ती त्याच्याजवळ आली. त्याच्या खांद्याला खांदा लागला, तरी तिला तो कळला नाही. तिने खाली वाकून, कागदाच्या पातळीत डोळा आणून पाहिलं. हडकुळ्या, कोऱ्या माशाच्या पोटावरून उजेडाची एक लकेर सरकली. खवल्यावरून खवल्यावर. मग शेपटीशी विझली.

तिने करंगळीच्या मागच्या बाजूने पोटाच्या कडेला हळूच स्पर्श केला. कोरडं होतं.

“डिंक,” ती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. “नुसता डिंक लावलाय. रंग न घालता. प्रत्येक खवल्यावर वेगळा हात.”

“म्हणजे हा रंगवलेला आहे?”

“याचा असाच रंग असेल. बिनरंगाचा, चकाकणारा. अंदाज आहे माझा. पण विसरलेला नाही कुणी, हे नक्की.”

आणि मग तिची नजर तबकाकडे गेली. डिंक पाण्यात विरघळतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने छत्तीस पानं तिरप्या उजेडात तपासली होती, रंगाचे पापुद्रे सुटलेत का हे बघायला. हे एकच तपासलं नव्हतं. ज्याच्यावर रंगच नाही त्याचे पापुद्रे काय सुटणार... दुकानदारांशी, त्यांच्या मुलाशी, सगळ्या जगाशी ती या माशासाठी भांडत होती, आणि तो धुऊन टाकायला तबकभर पाणी तिनेच भरून ठेवलं होतं.

ती स्टुलावर बसली. तिला वाटलं, आता तो हसेल. हसायचा त्याचा हक्कच होता.

तो हसला नाही. त्याने पान सपाट फळीवर ठेवलं, वर कोरडा टीपकागद पांघरला, तबक दोन्ही हातांनी उचलून मोरीत पालथं केलं. मग तिच्या समोर येऊन उकिडवा बसला.

“मी तर त्याच्यावर रंग घालणार होतो,” तो म्हणाला. “पाण्यातला. तुझ्याआधी मीच बुडवला असता त्याला.”

“तू थांबलास.”

“तू थांबवलंस म्हणून थांबलो.”

“हरलास म्हणून थांबलास.”

“हो... तेही कुणापुढे, ते महत्त्वाचं आहे.”

खाली फाटक वाजलं.

दुकानदार जिना चढून आले ते धापा टाकत, पण कपड्यांची घडी न मोडता. त्यांनी मुलाकडे पाहिलंच नाही. “कुठाय मासा, डॉक्टरीणबाई?”

“इथे. पण तो मिळणार नाही.”

“वस्तू माझी आहे.”

“तुमचीच आहे. पोलिसात गेलात तर ते तुमच्याच बाजूने बोलतील, मला माहीत आहे. पण तोवर तो या फळीवरून हलणार नाही, आणि त्याला पाण्याचा थेंब लागणार नाही. आधी इकडे या. वाका.”

“वाकू?”

“वाका.”

बहुधा त्यांना इतक्या वर्षांत कुणी वाकायला सांगितलं नसावं. त्या आश्चर्यातच ते वाकले. गुडघे कटकन वाजले. तिने टॉर्च टेबलाच्या कडेला आडवा धरला आणि हळूहळू पुढे नेला. उजेड माशाच्या गळ्यापाशी चढला, पोटावरून सरकला, एकेक खवला उजळून गेला.

दुकानदार तसेच वाकून राहिले. पाठ दुखेपर्यंत.

“पुन्हा दाखवा,” ते म्हणाले. तिने पुन्हा दाखवलं.

मग ते सरळ झाले, आणि सरळ झाल्याबरोबर पुन्हा दुकानदार झाले. मला दिसलं ते ठीक, ते म्हणाले, पण हॉटेलवाला काही असा कंबर मोडून बघणार नाही. त्याला मी काय सांगू? चकाकतो म्हणून? ते तर मी सगळ्याच चित्रांबद्दल सांगत आलोय.

“चकाकीचा आकडा सांगा,” ती म्हणाली. “मी मोजून देते. आणि समोरच्या भिंतीवर लावू नका. जिन्याच्या वळणावर, खिडकीच्या शेजारी लावा. माणूस वर चढताना बाजूनेच बघतो.”

“आणि ज्याला तरीही दिसला नाही?”

“त्याला कोरा मासा दिसेल. तोही काही वाईट नाही.”

दुकानदार काही बोलणार तोच मुलाने खिशातून एक किल्ली काढून टेबलावर ठेवली. मागच्या खोलीतल्या रंगांच्या कपाटाची.

“बाबा, हा मासा दुसऱ्या कुणाकडे दिलात तर ही कायमची तुमच्याकडे. नाही दिलात तरी एक सांगतो. जुनं म्हणून मी आता काही रंगवणार नाही.”

“मग काय रंगवणार?”

“नवं. खाली नाव घालून.”

“नाव घातलेला मासा कोण घेतं?”

“घेईल कुणीतरी. नाही घेतला तर माझ्या भिंतीवर राहील.”

दुकानदारांनी किल्लीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “हे तुम्ही शिकवलंत याला?”

“नाही. मी फक्त त्याचा एक डोळा ओळखला.”

“कुठला डोळा?”

“एकोणिसाव्या माशाचा. अहवालात आहे, नावासकट.”

दुकानदारांनी कपाळाला हात लावला. पण कोरा मासा त्यांनी मागितला नाही. किल्लीही उचलली नाही. जाताना जिन्यात मावशीने त्यांना अडवून चहा घेता का विचारलं आणि ते चक्क बसले. खोलीत वर त्यांचा आवाज येत होता. तुमच्या भाचीची जीभ फार चालते, असं काहीसं. मावशी म्हणाली, आमच्यात सगळ्यांचीच चालते, साखर किती घालू?

त्याच दुपारी ती आपल्या जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली आणि चकाकी मोजायचं यंत्र मागून घेऊन आली. कशाला हवंय, सरांनी विचारलं. माशाला, ती म्हणाली. यंत्र तळहाताएवढं. पृष्ठभागावर ठेवलं की ते तिरपा उजेड सोडतं आणि त्यातला किती परत आला ते आकड्यात सांगतं. कागदाला इजा नको म्हणून मध्ये खिडकीसारखं भोक पाडलेला मऊ कागद ठेवून तिने तीनतीनदा मोजलं. कोरी कड दोन पूर्णांक एक. माशाचं पोट अकरा पूर्णांक चार. आकडे तिने अहवालात लिहिले, खाली सही केली.

शुक्रवारी दुकानदार स्वतः पेटी न्यायला आले. अहवाल त्यांनी जिन्यातच उभ्याने वाचला, एकोणिसाव्या माशापाशी जरा थांबले, आणि ‘जिन्याच्या वळणावर, खिडकीशेजारी’ ही ओळ नखाने अधोरेखित केली. मग पुन्हा मावशीच्या चहाला बसले. पेटी खाली न्यायला मुलगा वर आला. त्याच्या हातात एक जाडसर कागद होता, सुरळी न करता सपाट धरलेला. त्याने तो टेबलावर ठेवला.

“हे काय?” तिने विचारलं.

“तुझ्यासाठी.”

कागद कोरा होता.

“तिरपा करून बघ,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

तिने कागदाला हात लावला नाही. हाताची घडी घातली आणि टेबलाला टेकून उभी राहिली.

“नाही बघणार.”

“का?”

“आठवडाभर मी वाकून, मान मोडून, उजेड फिरवून बघतेय. माशांचं ठीक आहे, त्यांना बोलता येत नाही. तुला येतं ना?”

“येतं...”

“मग सरळ सांग. समोरून. तुमच्या घरात सगळं असं झाकून, कुणाला दिसणार नाही असं करायची रीत असेल. मला चालणार नाही. उद्या आईने विचारलं की मुलगा काय म्हणाला, तर मी काय सांगू, एक कागद दिला, खिडकीशी धरून बघ?”

त्याच्या भुवया आज हसत नव्हत्या.

“मला तू आवडतेस,” तो म्हणाला.

“ऐकू आलं नाही,” जिन्यातून मावशी म्हणाली.

तो दारापाशी गेला. खाली मावशी बशी हातात घेऊन उभी होती, आणि तिच्यामागे, कप ओठाशी धरून, त्याचे वडील. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहिला. त्या घरात आणि बहुधा शेजारीही ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, “मला ही आवडते. मला हिच्याशी लग्न करायचंय. हिने नाही म्हटलं तरी मला ही आवडणार आहे, आणि हे मी कुठल्याही कागदावर नाव घालून लिहून द्यायला तयार आहे.”

खाली कप बशीवर आदळल्याचा आवाज झाला.

“आता नीट ऐकू आलं,” मावशी म्हणाली.

तो परत फिरला. ती टेबलापाशीच होती. डोळ्यांत पाणी होतं आणि हनुवटी वर होती.

“मी नाही म्हणणार नाहीये,” ती म्हणाली. “तेही अहवालात लिहून देते हवं तर. पण आधी मोजू दे.”

यंत्र अजून टेबलावर होतं, सरांना परत द्यायचं राहिलेलं. तिने त्याने आणलेला कागद उजेडाकडे वळवला नाही, तिरपाही केला नाही. सपाटच ठेवून त्यावर मऊ कागदाची खिडकी पांघरली, आधी कोपऱ्यात यंत्र ठेवलं, मग मधोमध. तीनतीनदा. तो शेजारी उभा राहून छोट्या पडद्याकडे बघत होता.

कोपरा – दोन पूर्णांक तीन.

मधला भाग – चौदा पूर्णांक शून्य.

“माशाहून जास्त, तुझा हात जडच आहे,” ती म्हणाली.